मंत्र्यांचा परदेश दौरा आणि आपली वीस मिनिटं

आज बोलणारा आवाज एकटीचा असला तरी हे बोलणं आमच्या गावच्या सगळ्या बचत गटांचं आहे. त्यामुळं ‘मी’ म्हणणार नाही, ‘आम्ही’ म्हणणार.

आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. मंत्र्यांचा परदेश दौरा कसा आखतात, हा विषय आहे. तुम्ही म्हणाल, आमची एसटी वेळेवर येईना आणि ह्या बायका आम्हाला विमानाच्या गोष्टी सांगायला लागल्या. थोडा धीर धरा. विमानापासून सुरुवात केली तरी शेवटी आपल्याच गावात उतरणार आहोत.

आधी एक जुनं दुखणं सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याला एक मंत्री येणार होते. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. आदल्या दिवशी दौरा कार्यक्रमाचा कागद आला. तुम्हीही असे कागद पाहिले असतील. ‘सकाळी ९.३० वाजता शासकीय विश्रामगृह येथे आगमन व राखीव.’ ‘सकाळी ११ वाजता मोटारीने प्रयाण.’ त्यात खाली एक ओळ आमची होती: ‘सकाळी ११.२० वाजता महिला बचत गटांच्या स्टॉलची पाहणी, वेळ २० मिनिटे.’

ती ओळ वाचून आम्ही किती हरखलो होतो! चौतीस जणींनी त्या दिवसाची मजुरी सोडली. पहाटे चारला उठून शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या, चटण्या, कुरडया, पापड मांडले. सातला स्टॉल तयार होते. आमची मागणी एकच होती. तालुक्याच्या गावी माल विकायला बसायची पक्की जागा नाही, ती मिळावी. तसा अर्ज लिहून पिशवीत ठेवला होता.

अकरा वीस झाले, बारा झाले, दोन वाजले. लेकरं रडकुंडीला आली. चार वाजून दहा मिनिटांनी गाड्या आल्या. साहेब उतरले, एका स्टॉलवर कुरडई हातात घेतली, फोटो झाला आणि गाड्या गेल्या. तीन मिनिटं. अर्ज पिशवीतच राहिला. घरी जाताना आमची एक म्हातारी सभासद म्हणाली, “पोरींनो, वीस मिन्टं लिवली हुती न्हवं? बाकीची सतरा कुणी खाल्ली?”

हा प्रश्न आमच्या डोक्यातून कधी गेलाच नाही.

मग २०२४ साली काय झालं ते ऐका. जुलै महिन्यात लंडनहून वाघनखं साताऱ्याला आली. १९ जुलैपासून ती साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लोकांना बघायला ठेवली. आम्हा बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहेच. एक दिवस काढून सगळ्याजणी गेलो. रांगेत उभं राहून काचेच्या पेटीतली ती नखं पाहिली. बाहेर येऊन चहा घेताना बोलणं निघालं की ही नखं आणायचा करार लंडनमध्ये ३ ऑक्टोबर २०२३ ला झाला. आपले तेव्हाचे सांस्कृतिक कार्य मंत्री सुधीर मुनगंटीवार त्यासाठी तिकडं गेले होते. लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट नावाचं मोठं संग्रहालय आहे, त्यांच्याशी तो करार झाला. नखं तीन वर्षांसाठी उसनी मिळाली, कायमची नाहीत.

तेव्हा आमची एक सभासद पटकन म्हणाली, “म्हंजी मंत्री एवढं लांब जाऊन नुसती सही करून आलं व्हय?” सगळ्या हसल्या. पण प्रश्न चांगला होता. एका सहीसाठी माणूस सात हजार किलोमीटर जातो, तर त्या दौऱ्यामागं काम काय असतं? कोण ठरवतं? पैसे कोण देतं? आणि परत आल्यावर पुढं काय होतं?

आमच्या शेजारगावात मंत्रालयातून निवृत्त झालेले एक काका राहतात. कागद तयार करण्यात त्यांची उभी नोकरी गेली. त्यांना आम्ही गटाच्या बैठकीला बोलावलं. त्यांनी सांगितलेलं आम्ही वहीत उतरवून घेतलं, त्यातलंच आज तुम्हाला सांगतो.

काकांचं पहिलं वाक्य असं होतं: “दौरा आखणारा शहाणा माणूस जायच्या दिवसापासून सुरुवात करत नाही, परत यायच्या दिवसापासून करतो.” म्हणजे काय? तर परत आल्यावर हातात काय पाहिजे, ते आधी एका ओळीत लिहायचं. सही झालेला करार पाहिजे, एखादं तंत्र बघून यायचं आहे, की आपल्या मालाला बाजार मिळवायचा आहे? ही ओळ लिहिता येत नसेल तर तो दौरा नव्हे, ती सहल. ओळ लिहिली की मग त्याच्या मागं-मागं यायचं. करार करायचा तर मसुदा आधी तयार पाहिजे. दोन्हीकडच्या वकिलांनी तो वाचलेला पाहिजे. मंत्री तिकडं जाऊन वाटाघाटी सुरू करत नाहीत. बहुतेक वाटाघाटी कागदावर आधीच उरकलेल्या असतात. सही म्हणजे लग्नातल्या अक्षता. बोलणी, याद्या, देणं-घेणं हे सगळं आधी झालेलं असतं.

दुसरी गोष्ट परवानग्यांची. राज्याचा मंत्री सरकारी कामानं परदेशी जाणार असेल तर त्याच्या विभागाकडून प्रस्ताव निघतो. का जायचं, कुठं जायचं, किती दिवस, सोबत कोण, खर्च किती आणि तो कोणत्या खात्यातून, हे त्यात लिहावं लागतं. मुख्यमंत्र्यांची मान्यता लागते. केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाची संमती लागते, कारण परदेशात आपला मंत्री गेला की तो फक्त महाराष्ट्राचा राहत नाही, देशाचा माणूस म्हणूनच त्याच्याकडं बघतात. आणि तिकडची कुणी संस्था म्हणाली की राहण्याजेवणाचा, प्रवासाचा खर्च आम्ही करतो, तर तसा पाहुणचार घेण्याआधी केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी लागते. २०१० च्या परदेशी योगदानाच्या कायद्यात ते लिहिलेलं आहे. आम्हाला हे फार पटलं. जेवू घालणाऱ्याच्या ताटाखालचं मांजर होऊ नये, म्हणून ही तजवीज.

सगळं जुळलं की शासन निर्णय निघतो, ज्याला आपण जीआर म्हणतो. हे जीआर सरकारच्या वेबसाइटवर मराठीत असतात, कुणीही वाचू शकतं. आम्ही गटातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला मोबाइलवर शोधायला लावलं. परदेश दौऱ्याला मान्यता देण्याबाबतचे जीआर आम्ही आमच्या डोळ्यांनी वाचले. मंत्रालयाच्या पायऱ्या न चढता मंत्रालयाचा कागद वाचता येतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची. इथं काकांनी आम्हालाच कामाला लावलं. म्हणाले, “समजा तुम्हीच लंडनचा चार दिवसांचा दौरा आखताय. सांगा बघू.” आम्ही फळ्यावर लिहायला लागलो आणि पहिल्याच दिवसाला चुकलो.

मुंबईहून रात्री दोनला विमान सुटलं आणि साधारण दहा तास लागले, तर लंडनला किती वाजता पोचेल? आम्ही म्हटलं, दुपारी बारा. काका म्हणाले, तुमच्या घड्याळात बारा, त्यांच्या घड्याळात सकाळचे साडेसात. उन्हाळ्याच्या महिन्यांत तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ आणखी एक तास मागं घेतात, मग फरक साडेपाच तासांचा होतो. म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीचा दौरा आणि नोव्हेंबरचा दौरा यांचं गणितच वेगळं. इथून फोन करायचा तरी त्यांचं ऑफिस नऊला उघडतं तेव्हा आपल्याकडं दुपारचा दीड वाजलेला असतो. आपण सकाळी दहाला फोन लावला तर तो माणूस साखरझोपेत.

आम्ही पहिल्या दिवशी सकाळी दहालाच मोठी बैठक ठेवली होती. काकांनी ती खोडली. रात्रभर विमानात अवघडून बसलेल्या माणसाला दहाला बैठकीत बसवलं तर तो डुलक्या घेईल नाहीतर चिडेल. त्यातून विमानाला उशीर झाला तर बैठकच बुडाली. म्हणून पहिला दिवस हलका ठेवायचा. उतरणं, आंघोळ, जेवण आणि दुपारनंतर आपल्या हाय कमिशनच्या अधिकाऱ्यांशी बोलणं. हाय कमिशन म्हणजे आपल्या देशाची तिकडची कचेरी. ब्रिटनसारख्या राष्ट्रकुलातल्या देशात तिला हाय कमिशन म्हणतात, बाकीच्या देशांत दूतावास. तिथले लोक तिकडची माणसं ओळखून असतात. कोण शब्दाला पक्का, कुणाला कसं भेटावं, कुठला प्रश्न अडचणीचा, हे ते सांगतात.

मुख्य काम दुसऱ्या दिवशी सकाळी. तिसरा दिवस त्यातून निघालेल्या राहिलेल्या कामाला. चौथ्या दिवशी परत. आणि दोन कामांच्या मध्ये मोकळी जागा सोडायचीच. तिथं आमची एकजण ओरडली, “म्हंजी ‘राखीव’!” काका हसले. म्हणाले, “बरोबर. तुम्हाला वाटतं राखीव म्हणजे साहेब झोपतात. चांगल्या दौऱ्यात राखीव वेळ ही चुकांना पोटात घ्यायची जागा असते. रस्त्यात गर्दी लागली, बैठक लांबली, एखादा कागद दुरुस्त करायचा आला, तर तो उशीर राखीव वेळेत जिरतो. राखीव जागा नसली की सकाळचा उशीर शेवटच्या माणसाच्या डोक्यावर पडतो.”

मैत्रिणींनो, हे ऐकलं आणि आमची सतरा मिनिटं कुणी खाल्ली ते कळलं. त्या दिवसाच्या कागदावर अकरा ठिकाणं होती आणि मध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती. सकाळपासूनचा सगळा उशीर घरंगळत आमच्यापर्यंत आला होता. कुणी मुद्दाम आमचा अपमान केला नव्हता. पण आखणाऱ्यानं आमचा वेळ वेळ म्हणून धरलाच नव्हता. हे अपमानापेक्षा कमी नाही.

चौथी गोष्ट टिपणाची. प्रत्येक भेटीआधी मंत्र्यांच्या हातात एक-दोन पानांचं टिपण द्यायचं असतं. समोर कोण आहे, आपल्याला काय हवं, त्यांना काय हवं आणि अवघड प्रश्न कुठला येईल. वाघनखांचंच बघा. ते लंडनचं संग्रहालय स्वतःच सांगतं की अफझलखानाच्या वधाच्या वेळी महाराजांनी वापरली ती हीच नखं, असं खात्रीनं सांगता येत नाही. साताऱ्यात कंपनी सरकारचा अधिकारी असलेल्या जेम्स ग्रँट डफच्या घराण्याकडून ती त्यांच्याकडं गेली, एवढं मात्र त्यांच्या नोंदीत आहे. आता पत्रकार हे विचारणार की नाही? विचारणारच. इथंही त्यावरून वाद झालेच. तेव्हा काय खरं माहीत आहे आणि काय नाही, हे आधीच स्वच्छ लिहून ठेवलं तर माणूस तोंडघशी पडत नाही. खोट्याचा आधार घेऊन मिरवण्यापेक्षा जे आहे ते सांगणं केव्हाही चांगलं. महाराजांवरची आपली माया काही त्या पेटीवरच्या चिठ्ठीवर अवलंबून नाही.

पाचवी गोष्ट आम्हाला सगळ्यात मोलाची वाटली. ती म्हणजे परत आल्यावरची. करार झाला ३ ऑक्टोबर २०२३ ला, आणि नखं साताऱ्यात लोकांपुढं आली १९ जुलै २०२४ ला. मध्ये नऊ महिन्यांहून जास्त काळ गेला. विमा, सुरक्षा, काचेची पेटी, वाहतूक, कुठं किती दिवस ठेवायची, ही सगळी कामं सहीच्या नंतरची. साताऱ्यानंतर ती नागपूरलाही गेली. म्हणजे दौरा चार दिवसांचा आणि त्याचं काम वर्षांचं. काका म्हणाले, “दौरा फसतो तो परदेशात नाही, परत आल्यावर फसतो. मंत्री परत येतात, सत्कार होतात, आणि कोणी कुठल्या तारखेपर्यंत काय करायचं हे कागदावर नसतं.” म्हणून दौरा आखतानाच शेवटचं पान लिहून ठेवायचं: काम, जबाबदार माणूस, तारीख.

आता तुम्ही म्हणाल, हे मंत्री-अधिकाऱ्यांचं झालं, आपण काय करायचं? आपण विचारायचं. विमानाचं तिकीट तुमच्याआमच्या पैशातून निघतं. आपण काडेपेटी घेतली तरी कर भरतो. केंद्र सरकारनं २०१२ साली आपल्या खात्यांना सांगितलं की मंत्र्यांच्या आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या सरकारी दौऱ्यांची माहिती, म्हणजे कुठं गेले, किती दिवस, किती लोक आणि किती खर्च, वेबसाइटवर मांडा. राज्याच्या दौऱ्याचा जीआर वाचता येतो. त्यात मिळालं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालच्या बहिणींना तोही लागत नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न साधे विचारायचे. दौऱ्याचा हेतू काय होता? सोबत कोण गेलं? खर्च किती झाला? परत आल्यावर अहवाल दिला का? त्यातलं काय पूर्ण झालं? राग नाही, शिव्या नाहीत. गटाच्या बैठकीत खजिनदाराला आपण हिशोब विचारतो, तसं विचारायचं. खजिनदार आपलीच असते, तरी विचारतो ना? आणि हिशोब विचारल्यानं चांगलं काम करणाऱ्याचं नाव आणखी चांगलं होतं. जो मंत्री कामासाठीच गेला, त्याला सांगायला भरपूर असतं.

आता आपल्या गावात उतरू. मागच्या हिवाळ्यात पुन्हा एका मंत्र्यांचा आमच्या तालुक्यात दौरा ठरला. पुन्हा स्टॉल मांडायचा निरोप आला. ह्या वेळी आम्ही पोळ्या करायला बसलो नाही, आधी बैठक घेतली. फळ्यावर वर एकच ओळ लिहिली: ‘परत जाताना आपल्या हातात काय पाहिजे?’ उत्तर तेच जुनं, तालुक्याला विक्रीची जागा.

मग त्या ओळीपासून मागं-मागं आलो. मंत्र्यांच्या स्वीय सहायकांना फोन केला. म्हटलं, आमची वेळ दुपारच्या जेवणाच्या लगेच आधी धरू नका, तिथं कात्री लागते. सकाळचं पहिलं ठिकाण द्या, नाहीतर राखीव वेळेनंतरचं पहिलं. त्यांना नवल वाटलं, पण दिलं: राखीवनंतर दुपारी तीन वाजता. चौतीसजणींनी मजुरी सोडायची नाही असं ठरलं. सहाजणी थांबतील, बाकीच्या कामावर जातील आणि त्या सहाजणींची मजुरी गट भरून देईल. अर्ज एकाच पानाचा केला. कुठली जागा रिकामी पडून आहे, ती कुणाच्या ताब्यात आहे, आम्हाला आठवड्यात किती दिवस हवी, भाडं किती देऊ, हे सगळं त्यात लिहिलं. बोलायला एकच बाई, दोन मिनिटं. घड्याळ लावून तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. आणि अर्जाची पोच घ्यायला आणखी एक बाई, तिनं फोटोत उभंच राहायचं नाही, फक्त सही-शिक्का घ्यायचा.

साहेब साडेतीनला आले. अर्ध्या तासाचा उशीर, पण आले. सात मिनिटं थांबले. अर्जावर शेरा मारला, ‘तपासून सादर करावे.’ तो शेरा म्हणजे जागा नव्हे, हे आम्हाला आता माहीत होतं. म्हणून शेवटचं पान आम्ही आधीच लिहिलं होतं. दर पंधरा दिवसांनी सोमवारी कोण कचेरीत जाणार, तिचं नाव आणि तारीख. नऊ सोमवार गेले. दोनदा साहेब रजेवर, एकदा फाइल सापडेना. पण दहाव्या सोमवारी पत्र हातात आलं. पूर्ण जागा नाही मिळाली. आठवड्यातले दोन दिवस, बुधवार आणि शनिवार, एक शेड मिळाली. छप्पर आहे, पाणी नाही. पाण्याचा अर्ज गेला आहे, त्याचेही सोमवार चालू आहेत.

त्या पहिल्या बुधवारी संध्याकाळी पैसे मोजताना आमची तीच म्हातारी सभासद म्हणाली, “सात मिन्टंच मिळाली, पण कुणी खाल्ली न्हाईत.”

तर मैत्रिणींनो, एवढंच सांगायचं होतं. मंत्री लंडनला जावोत की आपल्या गावाला येवोत, दौरा आखण्याची रीत एकच आहे. आधी हेतू एका ओळीत, मग माणसं, मग वेळ, मध्ये थोडी मोकळी जागा आणि शेवटी कोण काय करणार याची तारीख. ही रीत त्यांनी पाळली का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. आणि आपण ती पाळली का, हे आपल्या बैठकीत विचारायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही.

पुढच्या वेळी तुमच्या गावात दौऱ्याचा कागद आला, तर पोळ्यांचं पीठ मळायच्या आधी फळा पुसा आणि वर ती एक ओळ लिहा. काय लिहिलंत ते आम्हाला रेडिओवर जरूर कळवा.